डिव्हाइस ट्रीचा पॅच तपासताना इंटरप्टचा आकडा कसा पडताळावा

लिनक्स कर्नलसाठी पॅचमधून, म्हणजे सुचवलेल्या बदलातून, आलेली डिव्हाइस ट्री फाइल (बोर्डावर कोणते हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला सांगणारी) हाती घेतली की आधी डीटीबीएस-चेक हे तपासणीचे साधन चालवावे आणि त्याने दाखवलेल्या चुका दुरुस्त होईपर्यंत पुढे वाचू नये. नोडच्या, म्हणजे एकेका उपकरणाच्या नोंदीच्या, नावातला पत्ता तिच्या 'रेग' या ओळीतल्या पत्त्याशी जुळतो का, नोड पत्त्यांच्या चढत्या क्रमाने आहेत का, बाइंडिंगचा (नोंद कशी लिहायची त्या नियमांचा) पॅच वेगळा आणि आधी आला आहे का, एवढे पाच मिनिटांत उरकते.

मात्र 'चेक पास झाला म्हणजे फाइल बरोबर' हा सल्ला कृपया कोणालाही देऊ नका. ते साधन मांडणी तपासते. लिहिलेला आकडा त्याच चिपचा आहे का, हे त्याला कळत नाही. इंटरप्टच्या, म्हणजे उपकरण प्रोसेसरचे लक्ष वेधायला देते त्या संकेताच्या, ओळीत नेमके हेच नडते.

आर्मच्या जीआयसीमध्ये (इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत पोहोचवणारा कंट्रोलर) सामायिक इंटरप्टची, म्हणजे एसपीआयची (त्याच नावाच्या सिरियल बसशी याचा संबंध नाही), गणती ३२पासून सुरू होते आणि डिव्हाइस ट्रीत ती शून्यापासून लिहितात. म्हणून जीआयसीच्या आकड्यातून ३२ वजा करावे लागतात. प्रत्येक कोअरच्या खासगी इंटरप्टसाठी १६. रास्पबेरी पाय ४च्या बीसीएम२७११ चिपमध्ये पीएल०११ यूआर्टचा (सिरियल पोर्टचा) इंटरप्ट व्हिडिओकोअर या ग्राफिक्स भागाच्या यादीत ५७ आहे, त्यात ९६ मिळवून जीआयसीत १५३ होतो आणि डिव्हाइस ट्रीत १२१ लिहिला जातो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

वजाबाकी न केलेला असाच एक आकडा एका बोर्डाच्या पॅचमध्ये माझ्या नजरेतून सुटला होता. कर्नलचे संदेश व्यवस्थित उमटत, कारण ते लिहायला इंटरप्ट लागत नाही. लॉगिनपाशी मात्र टाइप केलेले एकही अक्षर पोहोचत नसे, आणि मी दोन दिवस क्लॉक व पिनांच्या नोंदी उलथत बसलो. तेव्हापासून मी पॅच पाठवणाऱ्याकडे मॅन्युअलमधल्या तक्त्याचा क्रमांक मागतो आणि वजाबाकी स्वतः करतो. दुसऱ्या बोर्डाच्या फाइलमधून ओळ उचललेली दिसली, तर हे दुप्पट काळजीने करावे.

त्यानंतर चालू बोर्डावरच्या 'प्रॉक' या फोल्डरमधील (कर्नल आपली चालू स्थिती इथे दाखवतो) इंटरप्ट्स फाइलची संबंधित ओळ मागावी. तिथे जीआयसीचा मूळ आकडा दिसतो, पाय ४वर याच यूआर्टसाठी १५३, आणि त्यावरच्या कन्सोलवर टाइप करताना शेजारची गणती वाढायला हवी. गणती शून्यावरच राहिली, तर बाकी सारे कितीही नीटनेटके असले तरी मंजुरी देऊ नये.

डिव्हाइस ट्रीतल्या इंटरप्टच्या ओळीतला तिसरा आकडा संकेत कसा ओळखायचा ते सांगतो; तो एसपीआयसाठी चढती कड किंवा उच्च पातळी एवढाच असू शकतो. खालची पातळी लिहिलेली असेल, तर पॅच परत पाठवावा.

शेवटी, बाहेर जोडणी लागणारे नोड चिपच्या फाइलमध्ये 'डिसेबल्ड' आणि बोर्डाच्या फाइलमध्ये 'ओके' आहेत ना, तेवढे पाहावे.