टेनिसचा फोरहँड (उजव्या बाजूचा फटका) शिकताय? हात सगळ्यात शेवटी येतो

नवीन माणूस कोर्टवर आला की आधी जोरात हाणतो, आणि बॉल एकतर नेटमध्ये नाहीतर थेट मागच्या जाळीला. ताकद कमी पडते असं नसतं हो, तयारीच उशिरा सुरू होते. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं करून घ्या.)

आधी ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड. हँडल गोल नसतं, त्याला आठ बाजू असतात. मोजत बसायचा कंटाळा असेल तर तळवा सरळ तारांवर ठेवा आणि तसाच घसरवत हँडलपर्यंत आणून मूठ मिटा, झाली ईस्टर्न ग्रिप, सुरुवातीला हीच बरी. आवळू मात्र नका, अख्खा हात कडक होतो.

आता पाय. समोरचा बॉल मारतोय त्याच वेळी जागच्या जागी छोटी उडी, दोन्ही पायांवर, हीच स्प्लिट स्टेप. बॉल फोरहँडला येतोय असं कळलं की लगेच खांदे वळवा, टप्पा पडायची वाट बघू नका, सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. डावा हात थोडा वेळ रॅकेटच्या गळ्यावरच राहू द्या, खांदा आपोआप वळतो, मग तो हात सुटून अंगासमोर आडवा येतो.

मग स्विंग. रॅकेट बॉलच्या खाली न्या आणि खालून वर, कंबर वळतेय तिच्यामागून हात येऊ दे. बॉल लागायला हवा अंगाच्या पुढे, साधारण कमरेच्या उंचीला. शेवटी रॅकेट डाव्या खांद्यावरून मागे जाते, तिथे ती डाव्या हाताने पकडायची सवय लावा म्हणजे स्विंग अर्धवट सुटत नाही. खालून वर गेल्यामुळे टॉपस्पिन मिळतो, म्हणजे बॉल पुढच्या दिशेने फिरत जातो, आणि नेटच्या बराच वरून गेलेला बॉलसुद्धा आत पडतो.

प्रॅक्टिस करताना बेसलाइनवर (कोर्टच्या अगदी मागच्या रेषेवर) पळू नका. सर्व्हिस लाइनवर, म्हणजे नेट आणि बेसलाइनच्या मधल्या रेषेवर उभं राहा, नेटपासून ६.४० मीटर, डाव्या हाताने बॉल पुढे सोडा, एक टप्पा पडू द्या आणि हळू मारा. नेट मध्यभागी ९१.४ सेंमी आणि खांबापाशी १.०७ मीटर असतं, त्यामुळे क्रॉसकोर्ट, म्हणजे मधून तिरकं मारलेलं सोपं जातं. शिकणाऱ्यांसाठीचा ऑरेंज बॉल मिळाला तर घ्या, नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ५० टक्के स्लो असतो, मोठ्यांनी त्यात लाजायचं काय!

बॉल सारखा उजवीकडे जातोय? उशीर होतोय, खांदा लवकर वळवा. लांब उडतोय? रॅकेटचं तोंड आभाळाकडे उघडतंय. नेटमध्ये? रॅकेट खाली न्यायची राहतेय, गुडघे वाका जरा.

दोन हाती बॅकहँडही (डाव्या बाजूचा फटका) असाच, खांदा आधी, बॉल पुढे, फक्त तिथे जोर वरच्या म्हणजे डाव्या हाताचा. सर्व्हिसला ही ग्रिप चालत नाही, तिथे कॉन्टिनेंटल नावाची वेगळी पकड लागते, पण ते फोरहँड सलग दहा-बारा वेळा आत पडायला लागला की बघा.