चिंक्वे तेर्रेच्या किनारी गावांत स्थानिक वाईन कशी शोधावी, चाखावी आणि विकत घ्यावी

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रदेशात, रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, व्हेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो ही पाच लहान गावे एकापाठोपाठ एक वसलेली आहेत. या पट्ट्याला चिंक्वे तेर्रे म्हणतात. १९९७ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला आणि १९९९ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. समुद्रकाठची रंगीत घरे पाहायला येथे लाखो लोक येतात, परंतु त्या घरांच्या मागे थेट डोंगरमाथ्याकडे चढत गेलेले द्राक्षमळे आणि त्यांची वाईन यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ज्यांना ती वाईन समजून घ्यायची आहे आणि गावातल्या दुकानांतून योग्य बाटली निवडायची आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

माझा पहिला आग्रह असा की दुकानात शिरण्याआधी मळा पाहावा. मानारोलाहून छोटी बस वरच्या व्होलास्त्रा या वस्तीपर्यंत जाते, आणि तेथून कोर्निल्याकडे जाणारी पायवाट बराच वेळ द्राक्षांच्या वेलींमधूनच जाते. पायांत पकड असलेले बंद बूट हवेत, सोबत पाणी हवे, आणि वाईन चाखण्याचा कार्यक्रम ही चाल संपल्यानंतरच ठेवावा, कारण वाट काही ठिकाणी अरुंद असून एका बाजूला सरळ उतार आहे. या वाटेवरून चालताना येथील शेतीचे खरे स्वरूप कळते. चुना किंवा सिमेंट न वापरता, नुसत्या दगडावर दगड बसवून रचलेले गडगे, त्यांच्या आधाराने धरून ठेवलेली हातभर-दोन हात रुंदीची माती आणि तीत वाढणाऱ्या वेली, अशी ही सगळी रचना आहे. जुन्या पद्धतीचे मांडव इतके ठेंगणे असतात की खारे वारे वेलींच्या वरून निघून जावेत. पण त्यामुळे मळ्यात काम करणाऱ्यांना गुडघ्यांवर बसून, वाकून काम करावे लागते. ट्रॅक्टर येथे येऊच शकत नाही. मळ्यांतून तिरकी वर गेलेली दातेरी लोखंडी पट्टी दिसली, तर ती द्राक्षांच्या क्रेट वाहून नेणाऱ्या एकरुळी गाडीची आहे हे लक्षात घ्यावे. ती येण्यापूर्वी सारा माल माणसांच्या खांद्यांवरूनच खाली उतरत असे.

हे पाहिल्यावर दुकानातली किंमत महाग वाटत नाही. गडगे सतत दुरुस्त करावे लागतात. मळा पडीक टाकला की गडगा ढासळतो आणि त्यामागची माती पावसाबरोबर खाली येते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या अतिवृष्टीत चिखल आणि दगडांच्या लोंढ्यांनी व्हेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो या गावांची जी दैना केली, ती पाहिल्यानंतर डोंगरउतारांची निगा हा येथे जिव्हाळ्याचा विषय आहे. असे गडगे रचण्याच्या कलेला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तेव्हा त्या नोंदीत इटलीसह युरोपातले आठ देश होते. मात्र गडगे टिकतात ते मळा कसणारा टिकला तर, आणि तो टिकण्यासाठी त्याची वाईन विकली गेली पाहिजे. म्हणून येथे बाटली निवडताना ती कोणी पिकवली हा प्रश्न मी चवीच्याही आधी विचारतो.

आता वाईनविषयी. १९७३ पासून येथील वाईनला डी-ओ-सी हा संरक्षित नामाचा दर्जा आहे, आणि या दर्जाखाली दोनच प्रकार येतात: चिंक्वे तेर्रे ही कोरडी पांढरी वाईन आणि शाक्केत्रा ही गोड वाईन. दोन्हींसाठी बोस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेंतीनो ही तीन जातींची द्राक्षे मुख्यतः वापरतात, आणि त्यांत बोस्कोचा वाटा किमान ४० टक्के असावा लागतो. बोस्को वाईनला भरीवपणा देते आणि व्हेर्मेंतीनो सुगंध देते. येथे लाल वाईनही बनते, परंतु ती चिंक्वे तेर्रे डी-ओ-सी या नावाने विकता येत नाही. त्यामुळे एखाद्या विक्रेत्याने लाल बाटली त्या नावाने पुढे केली, तर लेबल पुन्हा एकदा वाचावे.

लेबल वाचणे हे या गावांत फार उपयोगी पडते, कारण समुद्राचे आणि रंगीत घरांचे चित्र कोणत्याही बाटलीवर छापता येते. रस्त्यालगतच्या भेटवस्तूंच्या दुकानांत फ्रीजच्या चुंबकांशेजारी ठेवलेल्या स्वस्त बाटल्यांवर पुष्कळदा गावाचे चित्र मोठे असते, पण डी-ओ-सी ही अक्षरे कोठेही नसतात. बाटली फिरवून मागची बाजू पाहावी. तेथे ‘इम्बोत्तील्यातो आल्लोरीजिने’ असे शब्द असले, तर द्राक्षे पिकवणाऱ्यानेच ती वाईन बाटलीत भरली आहे असे समजावे. त्यापुढे गावाचे नाव आणि जिल्ह्याची दोन अक्षरे असतात. ला स्पेत्सिया जिल्ह्यासाठी एस-पी ही अक्षरे येतात. दूरच्या जिल्ह्याची अक्षरे दिसली, तर ती वाईन वाईट असेलच असे नाही, परंतु आपण जे शोधत आहोत ते ती नव्हे. काही लेबलांवर कोस्ता दे सेरा, कोस्ता दे काम्पू किंवा कोस्ता दा पोसा अशी नावे दिसतात. ही ठरावीक उतारांची नावे आहेत. सकाळी आपण ज्या उतारावरून चाललो, त्याच उताराची बाटली संध्याकाळी हाती आली, तर ती अवश्य घ्यावी, आणि जमल्यास दुसऱ्या उताराच्या बाटलीशेजारी ठेवून चाखावी.

वाईन विकणाऱ्या जागा तीन प्रकारच्या असतात. एनोतेका म्हणजे केवळ वाईनचे दुकान. येथे बाटल्या विकतात आणि बहुतेक ठिकाणी पेल्यानेही वाईन देतात. कान्तीना म्हणजे वाईन जेथे बनते ती जागा. काही कुटुंबे आपल्या गावातल्या कान्तीनेतच पाहुण्यांना चाखायला देतात, मात्र त्यासाठी आधी फोनने किंवा ईमेलने वेळ ठरवावी लागते, आणि सप्टेंबरातल्या तोडणीच्या दिवसांत त्यांना त्रास न देणेच बरे. तिसरी जागा म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी कान्तीना. ती मानारोलाच्या वर ग्रोप्पो या वस्तीत आहे आणि व्होलास्त्राला जाणाऱ्या बसने तेथे उतरता येते. पाचही गावांतले अनेक लहान शेतकरी आपली द्राक्षे तेथे आणून घालतात. सहकार म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. नवख्याने सुरुवात येथून करावी असे मला वाटते, कारण वेगवेगळ्या उतारांच्या वाईन एकाच ठिकाणी मिळतात आणि भावही दुकानांपेक्षा बरे असतात.

एनोतेकात शिरताना दुपारपर्यंत ‘ब्वोन्जोर्नो’ आणि संध्याकाळी ‘ब्वोनासेरा’ असे म्हणावे. अभिवादन न करता थेट मांडणीवरच्या बाटल्या उचलू लागणे असभ्य समजले जाते. त्यानंतर ‘उन व्हीनो दी क्वी, पेर फावोरे’, म्हणजे इथलीच एखादी वाईन द्या, असे सांगावे, आणि बाटली समोर आली की ‘की लो फा?’, म्हणजे ही कोण बनवतो, असे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाने दुकानदाराचा सूर बदलतो. चांगला दुकानदार त्या घराची, त्या उताराची, त्या वर्षीच्या पावसाची हकीकत सांगू लागतो. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून एक पेला घेऊन पुढे जावे. चाखण्यासाठी पैसे आकारले जातात आणि ते रास्त आहे. घासाघीस करू नये. काउंटरपाशी उभे राहून घेतलेला पेला आणि टेबलाशी बसून घेतलेला पेला यांचे दर निराळे असू शकतात, तसेच जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ नावाचा माणशी आकार लागतो, म्हणून दरपत्रक आधी पाहून घ्यावे. खानावळीत सुरईतून मिळणारी ‘घरची वाईन’ स्वस्त असते, पण ती अनेकदा बाहेरून आलेली असते. स्थानिक हवी असल्यास तसे स्पष्ट विचारावे. बरीच दुकाने दुपारी जेवणाच्या वेळी काही तास बंद असतात आणि हिवाळ्यात तर कित्येक महिने उघडत नाहीत, त्यामुळे मे-जून किंवा सप्टेंबरची अखेर हा काळ सोयीचा पडतो.

कोरडी पांढरी वाईन चाखताना आधी रंग पाहावा. तो गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा असतो. वासात लिंबू, पांढरी फुले आणि डोंगरावरच्या रानटी झुडपांचा किंचित उग्र दर्प असतो. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांवर जो खारटपणा रेंगाळतो, ती या वाईनची ओळख आहे, आणि तो जाणवेपर्यंत दुसरा घोट घेऊ नये. फार थंड केलेल्या वाईनमध्ये हे काहीच कळत नाही, म्हणून पेला बर्फगार आला, तर थोडा वेळ तसाच राहू द्यावा. सोबतीला मासे खाणाऱ्यांनी मोन्तेरोस्सोचे मिठात मुरवलेले आंचोवी घ्यावेत. शाकाहारी वाचकांनी फारिनाता मागावी. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्याच जिनसांची, भट्टीत भाजलेली ही पातळ पोळी या वाईनशी उत्तम जुळते. पेस्तो या बेसिलच्या पानांच्या चटणीत चीज असते, आणि पार्मिज्जानोसारख्या चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले विरजण, असते, हे कडक शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

शाक्केत्राला मात्र वेगळा वेळ द्यावा. तिच्यासाठी सर्वांत चांगले घड निवडून ते हवेशीर जागी, उन्हापासून दूर, जाळ्यांवर वाळत ठेवतात. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकवर पसरलेली द्राक्षे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल, फक्त येथे द्राक्ष पूर्ण सुकू देत नाहीत. नियमाप्रमाणे १ नोव्हेंबरपूर्वी ती द्राक्षे गाळता येत नाहीत. तोपर्यंत त्यांतले बरेचसे पाणी उडून जाते आणि साखर घट्ट होते. मग एकेक मणी हाताने देठापासून सोडवतात, कुजका मणी बाजूला काढतात, आणि जो रस निघतो तो इतका थोडा असतो की चांगल्या शंभर किलो द्राक्षांतून जेमतेम २५ ते ३० लिटर वाईन हाती येते. ती पुढच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपर्यंत विकायला काढता येत नाही. ‘रिझेर्व्हा’ लिहिलेली बाटली त्याहूनही अधिक मुरलेली असते. म्हणून लहान बाटलीलाही मोठी किंमत पडते.

ही वाईन लहान पेल्यात, जेवण संपल्यावर घेतात. रंग सोनेरीपासून गडद मधापर्यंत असतो. जर्दाळू, मध आणि सुक्या मेव्याचा वास येतो. आणि गोडी ओसरल्यावर शेवटी बदामाच्या सालीसारखा हलका कडवटपणा व तोच ओळखीचा खारटपणा उरतो. हा शेवट नसेल आणि नुसतीच गोडी असेल, तर मी ती बाटली विकत घेत नाही. सोबत बदामाची कडक बिस्किटे किंवा मुरलेले, तिखट चीज चांगले लागते. पूर्ण बाटली घेण्याआधी एक पेला घेऊन पाहणे शहाणपणाचे आहे, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या घरांची शाक्केत्रा शेजारी ठेवून चाखावी, कारण तिच्यात घराघरांतला फरक साध्या पांढऱ्या वाईनपेक्षा कितीतरी अधिक ठळक असतो.

गावांमध्ये फिरण्यासाठी ला स्पेत्सिया आणि लेव्हान्तो यांच्या दरम्यान धावणारी लोकल गाडी पुरेशी आहे. मोटार आणू नये. गावांत ती नेता येत नाही आणि इटलीत चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम एवढीच आहे. कोर्निल्याचे स्थानक खाली आणि गाव कड्यावर असल्याने तेथे पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात किंवा बस घ्यावी लागते. मात्र गर्दी कमी असल्याने निवांत चाखण्यासाठी मला पाचांत तेच गाव अधिक आवडते.

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते. त्यात ३७५ मिलीलिटरच्या शाक्केत्राच्या दोन बाटल्या आणि कोरड्या पांढऱ्या वाईनची एक पूर्ण बाटली बसते, आणि तरीही थोडी जागा उरते. बाटल्या हातातल्या सामानात नेता येत नाहीत; त्या कपड्यांत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवाव्यात आणि दुकानाची पावती जवळ बाळगावी. घरी आल्यावर पांढरी वाईन फार काळ ठेवू नये; ती ताजेपणातच चांगली लागते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ती लवकर बिघडते. शाक्केत्रा अनेक वर्षे टिकते, परंतु तिलाही थंड आणि अंधारी जागा लागते. तशी जागा घरात नसेल, तर फ्रीजच्या दारात न ठेवता सर्वांत खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवावी.