गवत न टिकणाऱ्या सावलीच्या बोळाची मांडणी

बेळगाव किंवा खानापूर परिसरात स्वतंत्र घर बांधले की घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये तीन-चार फूट रुंदीचा एक बोळ हमखास उरतो. तो उत्तरेच्या बाजूस असेल, तर तेथे लॉन लावण्याचा मोह जूनमध्ये होतो आणि दिवाळी उलटल्यावर त्याचा पश्चात्ताप होतो. मी स्वतः दोन वेळा हा खर्च केला आहे. दोन्ही वेळा पावसाळ्यात गालिच्यासारखे दिसणारे गवत डिसेंबरात टक्कल पडल्यासारखे झाले आणि उरलेल्या जागेत शेवाळ धरले.

याचे कारण सूर्याच्या वाटेत आहे. बेळगाव सुमारे 16 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून त्या काळात उत्तरेच्या बोळातही ऊन उतरते. डिसेंबरात मात्र सूर्य इतका दक्षिणेकडे झुकतो की दहा फूट उंच भिंतीची दुपारची सावली आठ फुटांपर्यंत पसरते, आणि चार फुटांचा बोळ तिच्यात पूर्ण बुडतो. हरळी असो वा नर्सरीतील लॉनचे गवत, त्याला दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन लागते. तेव्हा मांडणी ठरवायची ती डिसेंबरची सावली पाहून, जूनची नव्हे.

सावलीनंतर पाणी पाहावे. फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत पाणी सहसा काही तासांत जिरते. अथणी, गोकाककडील काळ्या मातीत ते दुसऱ्या दिवशीही दिसले, तर वाफा चार-सहा इंच उंच करून त्यात वाळू नव्हे, तर भरपूर शेणखत आणि पालापाचोळा मिसळावा. भिंतीलगत खणताना बांधकामाच्या वेळी गाडलेला गिलाव्याचा चुरा आणि सिमेंटची ढेकळे हमखास निघतात. ती आळस न करता उचलून टाकावीत, कारण त्यांच्यामुळे मातीत चुन्याचे प्रमाण वाढते आणि झाडांची पाने पिवळी पडतात. माती जोत्याच्या वर कधीही चढवू नये आणि भिंतीपासून किमान नऊ इंच जागा झाडांविना ठेवावी, अन्यथा आतल्या खोलीच्या भिंतीला ओल येते. या नऊ इंचांत खडी पसरावी. जेथे पागोळ्या पडतात तेथे खडीचा थर जाड ठेवला, तर पावसात चर पडत नाही आणि भिंतीवर तांबड्या चिखलाचे शिंतोडे उडत नाहीत.

आता पायवाट. माझ्या मते बोळाचा निम्मा भाग चालण्यासाठीच असावा, कारण मीटर पाहायला येणारा माणूस आणि टाकीपाशी जाणारा प्लंबर झाडे तुडवूनच जातात. दीड फूट चौरसाच्या शहाबादी फरश्या किंवा जांभ्याचे सपाट चिरे, मध्यापासून मध्यापर्यंत दोन फूट अंतर ठेवून, मुरमाच्या दोन इंच थरावर बसवावेत आणि उतार घरापासून दूर ठेवावा. गुळगुळीत पॉलिश केलेली फरशी टाळावी. श्रावणात तिच्यावर घसरून पडणे ठरलेलेच. वाफ्याच्या कडेला जुन्या कौलांचे तुकडे उभे पुरले, तर विकतची कडा घ्यावी लागत नाही.

लागवडीसाठी मला सर्वांत उपयुक्त वाटते ती हळद. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गड्डे लावले की गणेशोत्सवापर्यंत पातोळ्यांना पुरेल इतके रुंद पान मिळते. सावलीत गड्डे बारीक राहतात. पण पानासाठीच लावायची असल्याने ते चालते. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत हळदीची पाने वाळून जागा उघडी पडते, म्हणून तिच्या पुढे नेचे आणि स्पायडर प्लँट यांची बारमाही ओळ हवी. जेथे बाथरूमचे किंवा नळाचे पाणी मुरते, तेथे अळू आणि सोनटक्का उत्तम येतात. सोनटक्का पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलला की त्याचा वास खिडकीतून आत येतो. नागवेलीसाठी भिंतीला काठी किंवा जाळी लावावी. तिला ओलावा हवा, पण मुळाशी साचलेले पाणी अजिबात चालत नाही. डिफेनबॅकिया दिसायला देखणा असला, तरी त्याचे पान चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून लहान मुले असलेल्या घरात तो लावू नये.

सावली भिंतीची नसून आंब्याची असेल, तर हिशेब बदलतो. तेथे अंधारापेक्षा कोरडेपणा अधिक छळतो, कारण वरच्या थरातील ओलावा आंब्याची मुळे ओढून घेतात. मुळे तोडून वाफा करू नये आणि त्यांवर दोन इंचांहून अधिक माती टाकू नये. मुळांच्या मधल्या बेचक्यांत स्नेक प्लँट लावावा आणि बाकी जागेवर कुंड्या ठेवाव्यात. आंब्याची गळलेली पाने झाडून जाळण्यापेक्षा तेथेच पसरावीत.

फरश्या आणि मातीचे काम मेमध्ये उरकून हळद वगळता बाकी रोपे मृगाचा पाऊस नीट लागल्यावर लावावीत. पहिल्या पावसाळ्यात गोगलगायी येतातच. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकाव्यात, मातीवर मीठ टाकू नये. दारापाशी आणि खिडकीखाली गुडघ्याच्या वर वाढणारे काही लावू नये, कारण दाट पाल्यात साप बसला तरी दिसत नाही. कुंड्यांखालच्या बशांत साचलेले पाणी डासांसाठी दर दोन-तीन दिवसांनी ओतून द्यावे. पहिल्या उन्हाळ्यात, म्हणजे मार्च ते मे, आठवड्यातून दोनदा सकाळी खोलवर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून नेच्यांना आणि नागवेलीलाच तेवढे लागते.