शहरात ड्रोनचा सिग्नल तुटतोय? नवा ड्रोन घेण्याआधी या चुका टाळा

मागच्या लग्नसराईत धुळ्यात एका गल्लीत वरात होती, माझा मावसभाऊ शूटिंगला गेलेला. हातात २५० ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन, नवा कोरा, खोक्यावर १० किलोमीटर रेंज लिहिलेली. गल्लीतूनच उडवला, घरांच्या वर नेला, मग कोपऱ्यावरून वळवून पलीकडच्या गल्लीत थोडा खाली घेतला आणि जेमतेम दीडशे मीटरवर स्क्रीन करडी झाली. आजूबाजूला पन्नास माणसं, बँड वाजतोय, नवरदेवाचा काका विचारतोय "काय जयं रे भो, कथा गया तो?" (काय झालं रे भाऊ, कुठे गेला तो?) आणि पोराच्या हाताला कापरं. रिटर्न टू होमची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर आपोआप परत यायच्या सोयीची, उंची नीट लावलेली होती म्हणून ड्रोन वर चढून आपोआप परत आला, नाहीतर कोणाच्या तरी पत्र्यावर शोधत बसायची वेळ होती.

रात्री फोन आला, दादा ड्रोन खराब निघाला, परत करू का? मी म्हटलं थांब, उद्या मी येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गल्लीतल्या एका घरमालकाला विचारून त्यांच्या गच्चीवर चढलो, तोच ड्रोन, तोच रिमोट, तेच अंतर, पलीकडची तीच गल्ली. सिग्नलचे सगळे दांडे भरलेले, चित्र एकदा पण अडकलं नाही. बदललं काय तर फक्त आमची उभं राहायची जागा, तीन मजले वर. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो की शहरात रेंजचा प्रश्न दहापैकी आठ वेळा ड्रोनमध्ये नसतो, तुम्ही कुठे उभे आहात आणि रिमोट कसा धरलाय त्यात असतो.

आधी त्या खोक्यावरच्या आकड्याचं बघू, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. ते १० किंवा २० किलोमीटर म्हणजे मोकळं मैदान, मध्ये काही आडवं नाही, आजूबाजूला दुसरा सिग्नल नाही आणि ड्रोन फक्त जाणार, परत यायचा हिशोब नाही, अशा ठिकाणी मोजलेलं अंतर असतं. त्यातही अमेरिकेच्या नियमात जास्त पॉवर चालते म्हणून तिथला आकडा मोठा आणि युरोपच्या नियमातला त्याच ड्रोनचा आकडा बराच कमी, छापताना मात्र मोठाच छापतात. डीजेआयसारख्या कंपन्या स्वतःच्याच माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहितात की दाट शहरात, जिथे खूप सिग्नल आहेत, तिथे दीड ते तीन किलोमीटर धरा, आणि ते पण ड्रोन अन् रिमोटच्या मध्ये इमारत नसेल तर. इमारत आली की तो पण आकडा विसरा. आणि खरं सांगू का, आपल्याला ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवायचाय, एवढासा ड्रोन चारपाचशे मीटरच्या पुढे डोळ्याला दिसत पण नाही. म्हणजे आपल्याला लागतो तो चारशे मीटरपर्यंतचा स्वच्छ, न तुटणारा सिग्नल, आणि तो शहरात मिळतो, नक्की मिळतो.

आता सगळ्यात मोठी चूक, म्हणजे "मला ड्रोन दिसतोय ना, मग सिग्नल कसा तुटेल". दिसणं वेगळं आणि लहरींना वाट मिळणं वेगळं. रिमोट आणि ड्रोनच्या मध्ये सिग्नल काही बारीक दोऱ्यासारखा जात नाही, त्याचा आकार लांब काकडीसारखा असतो, दोन्ही टोकांना बारीक आणि मध्यात जाड. ड्रोन ५०० मीटरवर असेल आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालत असेल तर मध्यभागी ही काकडी मधल्या रेषेपासून चारही बाजूंना साधारण ४ मीटर पसरलेली असते. म्हणजे तुमची नजर एखाद्या गच्चीच्या कठड्यावरून जेमतेम निघून ड्रोनपर्यंत पोहोचते तेव्हा सिग्नलचा खालचा अर्धा भाग त्या गच्चीत, टाकीत, पत्र्याच्या शेडमध्ये घुसलेला असतो. म्हणून ड्रोन दिसत असताना पण चित्र फाटतं. उपाय एकच, मधल्या अडथळ्यापासून चार-पाच मीटर मोकळी जागा ठेवा, स्वतः वर चढा नाहीतर ड्रोन वर ठेवा.

धुळ्याच्या पेठेतल्या गल्ल्या बघा, इंग्रजी अमलाच्या सुरवातीला कॅप्टन ब्रिग्जच्या काळात सरळ रेषेत आखलेल्या. सरळ गल्लीत ड्रोन तुमच्या समोर असेपर्यंत सिग्नल छान जातो, उलट दोन्ही बाजूच्या भिंती त्याला धरून ठेवतात, पण ड्रोन कोपऱ्यावर वळला की सिग्नल एका सेकंदात धपकन पडतो. कोपऱ्यावरचं घर काँक्रीटचं, आत लोखंडी सळया, त्यातून फारसं काही पार होत नाही. तेव्हा वळायचं असेल तर ड्रोन घरांच्या वर ठेवून वळवा, किंवा तुम्हीच त्या चौकात जाऊन उभे रहा जिथून दोन्ही गल्ल्या दिसतात. जळगावात महापालिकेच्या सतरा मजली इमारतीच्या पलीकडे ड्रोन गेला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

गच्चीवर चढलात तरी काम संपलं नाही. बरेच जण गच्चीवर जाऊन जिन्याच्या खोलीच्या सावलीत उभे राहतात, कारण ऊन असतं, समजू शकतो, पण त्या खोलीच्या भिंतीने अर्धं आकाश झाकलं जातं. पाण्याची भरलेली टाकी तर त्याहून वाईट, पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. सोलरचे पॅनल, पत्रे, डिश, यांच्यापासून दोन-चार पावलं लांब, ज्या बाजूला ड्रोन जाणार त्या बाजूच्या कठड्याजवळ उभं राहायचं. आणि माणसाचं शरीर पण बहुतेक पाणीच आहे हे लक्षात ठेवा. ड्रोनकडे पाठ करून उभं राहिलात, किंवा स्क्रीन बघायला म्हणून दहा पोरं तुमच्याभोवती गराडा घालून उभी राहिली, तर तुमच्या रिमोटसमोर माणसांची भिंतच झाली ना. लग्नात हे हमखास होतं. एका मित्राला फक्त लोकांना समोरून बाजूला ठेवायला उभं करा. झाडांचं पण तेच, पावसाळ्यात भिजलेला कडुलिंब आणि मार्चमधला पानगळ झालेला कडुलिंब यात खूप फरक आहे.

रिमोट धरायची पद्धत ही दुसरी मोठी गोष्ट. लोकांना वाटतं अँटेनाचं टोक ड्रोनकडे केलं म्हणजे नेम धरल्यासारखा सिग्नल सरळ जाईल. बरोबर उलटं आहे. साध्या दांडीसारख्या अँटेनातून सिग्नल कडेने, चहुबाजूंनी पसरतो आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातो. म्हणून अँटेनाची सपाट बाजू किंवा लांब कड ड्रोनकडे पाहिजे. ज्या रिमोटमध्ये मोबाईल अडकवायचा दांडा वर ओढून काढतात त्यातल्या काहींमध्ये अँटेना त्या दांड्यातच असतो, तो अर्धवट ओढलेला, त्यावर मोबाईलचं जाडजूड कव्हर दाबलेलं, मागे चिकटवलेली धातूची रिंग, असं असेल तर सिग्नलला तुम्हीच झाकताय. ड्रोन डोक्यावर सरळ वर असेल तर रिमोट आडवा पाडा, लांब असेल तर थोडा उभा करा, आणि ड्रोन फिरेल तसं स्वतः पण फिरा. एवढं केलं तरी तुटणारा सिग्नल परत येतो, मी कितीतरी वेळा बघितलंय, दोन दांडे होते, रिमोटचा कोन बदलला आणि चार झाले.

मग येतो वायफायचा गोंधळ. ड्रोन चालतो २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर, आणि घराघरातलं वायफाय याच भागात. २.४ मध्ये तर वायफाय, ब्लूटूथ सगळं एकाच जागेत कोंबलेलं असतं. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी शेकडो दुकानं, प्रत्येकाचा राउटर, तिथे २.४ वर ड्रोन म्हणजे गुरुवारच्या बाजारात हाक मारल्यासारखं. अशा ठिकाणी ५.८ बरा. पण ५.८ झाडं, भिंती यांच्यातून अजूनच कमी जातो आणि त्याच अंतराला त्याचा जोर पण लवकर कमी होतो, त्यामुळे गर्दी कमी आणि झाडं जास्त असतील तर २.४ घ्यावा. माझं मत असं की बहुतेक वेळा ऑटोवरच ठेवा, ड्रोन स्वतः मोकळी जागा शोधतो, ऑटोवर वारंवार अडकायला लागलं तरच ॲपमधला ट्रान्समिशनचा, म्हणजे कुठे किती गर्दी आहे ते दाखवणारा आलेख बघून हाताने बदला. अजून एक, आपल्याकडे लोकल इंटरनेटवाल्यांचे छोटे पांढरे डिश गच्च्यांवर लावलेले असतात, एका गच्चीवरून दुसरीवर नेट पाठवणारे, त्यातले बरेच ५.८ च्याच आसपास चालतात. त्या डिशच्या समोर उभं राहू नका आणि ड्रोन पण त्याच्या तोंडासमोर घिरट्या घालत ठेवू नका. मोबाईल टॉवर असलेली गच्ची पण नको, ४जीचा एक पट्टा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे आपल्या २.४ ला अगदी खेटून, जवळ गेलं की त्याच्या गोंगाटात रिमोटला ड्रोनचा आवाज ऐकूच येत नाही. आणि स्वतःच्या मोबाईलचं वायफाय अन् हॉटस्पॉट बंद करा, तो तर रिमोटला चिकटूनच आहे.

हे सगळं सोडून लोक पैसे कुठे घालतात, तर रिमोटवर लावायचे चमचम पत्रे, बूस्टर, आणि ॲप बदलून पॉवर वाढवायच्या भानगडी. पत्र्याने सिग्नल एका दिशेला थोडा वाढतो पण बाकी दिशांना कमी होतो, शहरात ड्रोन सारखा इकडून तिकडे फिरतो तिथे तो गळ्यातच येतो. पॉवर वाढवायचे बदल नियमात बसत नाहीत आणि चार मजली काँक्रीटपुढे त्याचा उपयोग पण नाही.

सिग्नल तुटलाच तर काय, हे उडवायच्या आधी ठरलेलं पाहिजे. रिटर्न टू होमची उंची आसपासच्या सगळ्यात उंच इमारतीपेक्षा, टॉवरपेक्षा वर ठेवा. ही उंची जिथून उडवलं तिथून मोजली जाते, त्यामुळे १२ मीटर उंच गच्चीवरून उडवलं तर ४० मीटर म्हणजे जमिनीपासून ५२. आणि परत येताना ड्रोन आधी सरळ वर चढतो, तेव्हा बाल्कनीच्या, वायरींच्या, झाडाच्या खाली असताना सिग्नल जाऊ देऊ नका. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया असतात, त्यावर ड्रोन ठेवून सुरू केला की कंपास चुकतो, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवून उडवा, आणि सॅटेलाईट पुरेसे येऊन होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, नोंदला गेला असा निरोप आल्याशिवाय निघू नका. तुटल्यावर रिमोटच्या काड्या वेड्यासारख्या ओढू नका. ड्रोनच्या दिशेला तोंड करा, रिमोट वर धरा, कठड्याकडे चार पावलं जा, दहा सेकंद थांबा. बहुतेक वेळा तेवढ्यात जोडला जातो.

उंच न्या म्हणतोय म्हणून कितीही वर नेऊ नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशावरच्या हिरव्या भागात १२० मीटरपर्यंतच परवानगी लागत नाही, आणि विमानतळाच्या जवळ आलं की तेवढी पण मोकळीक नाही. जळगावचं विमानतळ कुसुंब्याला, शहराला लागूनच, आणि भुसावळ-वरणगावकडे ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, त्यामुळे सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघूनच निघा. विसर्जनाला, यात्रेला पोलिसांची परवानगी वेगळी.

आणि शेवटचं, खास आपल्या खान्देशातलं. एप्रिल-मेमध्ये दुपारी "सिग्नल जातोय" म्हणून जे फोन येतात त्यातले बरेचसे सिग्नलचे नसतातच, मोबाईल तापलेला असतो. बऱ्याच छोट्या ड्रोनची कंपनीने दिलेली मर्यादाच ४० अंश आहे आणि आपल्याकडे जळगाव, भुसावळला पारा ४४-४५ ला जातो. मोबाईल तापला की स्क्रीन मंद होते, ॲप अडकतं, चित्र थांबून थांबून येतं आणि माणसाला वाटतं रेंज गेली. ओळखायचं कसं? चित्र अडकलं तेव्हा खालचे उंचीचे, अंतराचे आकडे बदलतायत का बघा. आकडे बदलतायत, काडी हलवली की ड्रोन हलतोय, तर सिग्नल आहे, दोष मोबाईलमध्ये किंवा केबलमध्ये. आकडे पण थांबले आणि स्क्रीन करडी पडली तर खरंच सिग्नल गेला. मोबाईलचं कव्हर काढा, स्क्रीन रेकॉर्डिंग बंद, मोबाईलवर ओल्या नाही, कोरड्या पांढऱ्या रुमालाची सावली धरा, आणि शक्यतो सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच उडवा. केबल सोबत आलेलीच वापरा, माझ्याकडे एक साधी चार्जिंगची केबल होती ती हलली की चित्र जायचं, मी तीन दिवस अँटेना तपासत बसलो होतो, केबल बदलली आणि त्याच मिनिटाला सगळं नीट चालू झालं.