बर्डीत पर्स गेली तेव्हा

नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात, गर्दीत आईची पर्स गेली. आत डेबिट आणि क्रेडिट, दोन्ही कार्डं. आई दुकानादुकानांत विचारत फिरायला निघाली होती. मी म्हटलं, "आई, पर्स नंतर शोधू, आधी कार्डं बंद करू." कारण ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार कार्ड नुसतं टेकवून, पिनशिवाय होऊ शकतो.

डेबिट कार्ड तिच्याच फोनवरच्या बँकेच्या ॲपमधून बंद केलं. तात्पुरतं बंद करायचाही पर्याय होता, पण हरवलेलं कार्ड कायमचंच ब्लॉक करावं. क्रेडिट कार्डासाठी हेल्पलाइनचा नंबर जुन्या स्टेटमेंटवरून घेतला. गुगलवर शोधून मिळणाऱ्या कस्टमर केअर नंबरांत ठगांचेही नंबर असतात, तिथून कृपया घेऊ नका.

तक्रार क्रमांक आणि वेळ लगेच लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं असतं, आणि तेव्हा हाच क्रमांक पुरावा ठरतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनलाही तातडीने कळवा.

पर्समध्ये आधारही होतं, म्हणून पोलिसांत हरवल्याची नोंद केली. नवीन कार्ड आल्यावर वीजबिलाचं ऑटो-पे तेवढं पुन्हा जोडावं लागलं.