सेंट थॉमसहून परतताना कस्टम्सचा हिशेब कसा करावा

अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसवर, तिथल्या शार्लट अमाली शहराच्या मेन स्ट्रीटवर, दुकानागणिक ‘ड्यूटी-फ्री’ची पाटी लागलेली असते आणि अमेरिकेत राहणारी आपली मंडळी ती पाटी थेट न्यू जर्सीतल्या घरापर्यंत लागू आहे असे समजून खरेदी करत सुटतात. त्या पाटीचा अर्थ एवढाच की किमतीत बेटावरचे शुल्क धरलेले नाही. परतताना तुम्ही काय द्यायचे, याचा त्या दुकानदाराशी काहीही संबंध नाही. १९१७ साली अमेरिकेने डेन्मार्ककडून विकत घेतलेली ही बेटे अमेरिकेचीच असली, तरी ती तिच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेर आहेत. म्हणूनच सेंट थॉमसच्या सिरिल किंग विमानतळावर मुख्य भूमीच्या विमानात बसण्यापूर्वी कस्टम्सची तपासणी होते.

घर सोडण्यापूर्वी एकच काम करायचे: अंगावर जाणाऱ्या जुन्या मौल्यवान वस्तूंचा पुरावा तयार ठेवायचा. अनुक्रमांक असलेले घड्याळ किंवा कॅमेरा असेल तर तो कस्टम्सच्या कार्यालयात प्रत्यक्ष दाखवून ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मवर नोंदवून घ्यावा. पाटल्या आणि मंगळसूत्र यांवर असा क्रमांक नसतो, त्यामुळे सराफाचे बिल किंवा विम्याची कागदपत्रे जवळ बाळगावीत. ‘बावीस कॅरेटचे पिवळे सोने भारतातलेच, हे कोणालाही कळते’ या भरवशावर राहू नये.

खरेदी करताना प्रत्येक वस्तूचे स्वतंत्र बिल घ्यावे. काउंटरवर हिंदीत भाव सांगणारे व्यापारी भेटतील आणि त्यातला एखादा आपुलकीने कमी रकमेचे बिल देऊ करील, जसा मला एकाने केला होता. ते घेऊ नये. दागिन्यांच्या किमती कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

आता अवघड भाग. अमेरिकेच्या रहिवाशाला या बेटांवरून परतताना माणशी १,६०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर शुल्काची सवलत मिळते, तर बहुतेक इतर देशांहून परतताना ती ८०० डॉलरची असते. क्रूझवर मात्र सेंट थॉमसच्या जोडीला बहुधा सेंट मार्टिन हे फ्रेंच-डच बेटही असते आणि तिथेच घोळ होतो. १,६०० ही एकूण मर्यादा आहे, पण त्यात बाहेरच्या बेटांवरची खरेदी ८०० पर्यंतच धरता येते. एकट्या प्रवाशाने सेंट मार्टिनला १,००० डॉलरचे घड्याळ आणि सेंट थॉमसला ५०० डॉलरच्या कुड्या घेतल्या, तर बेरीज १,५०० होते आणि सगळे सवलतीत बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात घड्याळाच्या किमतीतले २०० डॉलर बाहेर राहतात. सवलतीवरच्या पुढच्या १,००० डॉलरपर्यंत इतर बेटांच्या मालाला ३ टक्के आणि या बेटांच्या मालाला १.५ टक्का असा ठोक दर आहे, म्हणजे येथे शुल्क झाले अवघे ६ डॉलर.

पहिल्या खेपेस मी दोन्ही बेटांची बिले एकाच पाकिटात कोंबली होती. अधिकाऱ्याने एक बिल उलटून पाहिले, सुलटून पाहिले आणि ‘हे कोणत्या बेटावरचे?’ असे विचारले, तेव्हा थर्मल कागदावरची शाई इतकी फिकटली होती की ते मलाही सांगता येईना. मागे रांग आणि शेजारी पत्नीचा चेहरा, दोन्ही लांबत गेले. तेव्हापासून मी बोटीवरच एका कागदावर दोन रकाने आखतो, डावीकडे सेंट थॉमस आणि उजवीकडे बाकी सर्व, आणि प्रत्येक बिलाचा त्याच दिवशी फोटो काढतो. ‘डबी फेकून दे, घड्याळ मनगटावर चढव, कोण विचारतो’ हा सल्ला देणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याने ६ डॉलर वाचतात आणि पकडले गेल्यास घड्याळ जप्त होऊन वर दंड बसतो.

एकाच घरात राहणाऱ्या आणि एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाला सवलती एकत्र करता येतात. चौघांच्या कुटुंबाला ६,४०० डॉलर, मुलेही धरून. मात्र पाहुण्या व्हिसावर आलेल्या आई-बाबांचे १,६०० यात मिळवू नयेत, कारण ही सवलत रहिवाशांची आहे. गेल्या ३० दिवसांत ती वापरली असेल, तर पुन्हा मिळत नाही.

मद्य २१ वर्षांवरील प्रत्येकी ५ लिटर, त्यातले बाहेरच्या बेटांवरचे १ लिटरच. क्युबाचे सिगार सेंट मार्टिनला राजरोस मिळतात, पण सप्टेंबर २०२० पासून ते अमेरिकेत आणणे बंद आहे. आंबे आणू नका. कासवाच्या पाठीचे दागिनेही नकोत.

तपासणीच्या काउंटरवर अधिकाऱ्याने विचारण्याची वाट न पाहता दोन रकान्यांचा कागद पुढे करावा आणि शुल्क निघाले तर भरून पावती घ्यावी. गावातल्या दुकानातून घेतलेल्या बाटल्या चेक-इन बॅगेत घालाव्यात. क्रूझन रमची १५१ प्रूफची, म्हणजे सुमारे ७५ टक्के अल्कोहोलची बाटली मात्र घेऊच नये, कारण ७० टक्क्यांवर अल्कोहोल असलेले मद्य विमानात कोणत्याच बॅगेतून नेता येत नाही आणि ती तिथेच सोडावी लागते.