टॅलीत एन्ट्री करणाऱ्यांनी आता काय शिकावं

नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब मी सांभाळते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कोर्स करून आलेली मुलं-मुली हल्ली एकच विचारतात: बिलाचा फोटो काढला की एन्ट्री पडते, बँकेचं स्टेटमेंट टाकलं की व्हाउचर तयार होतात, मग आम्ही करायचं काय? त्यांची काळजी खरी आहे. दिवसभर बिलं टाकत बसण्याची नोकरी कमी होत जाणार. पण पडलेली एन्ट्री बरोबर की चूक, हे सांगणारं माणूस प्रत्येक ऑफिसला लागतं, आणि तसं माणूस कोर्समधून तयार होत नाही. ते कसं व्हायचं, एवढंच सांगते.

बिल वाचणारं सॉफ्टवेअर आधी वापरायला शिका. त्याला नाकारून काही मिळत नाही. छापील बिल ते छान वाचतं. कार्बनची पुसट प्रत किंवा आकड्यावर आलेला शिक्का असला की फसतं. म्हणून तयार एन्ट्रीत पार्टीचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि कराची रक्कम स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. वापीहून माल आलाय आणि एन्ट्रीत सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालावरचा कर, दिसतोय, तर तिथेच थांबा आणि मूळ बिल काढा.

खरं काम याच्या पुढे आहे. बिलावर काय छापलंय ते मशीन वाचतं, पण व्यवहार काय झाला हे बिलावर बऱ्याचदा नसतंच. बिल्टी (माल पोचवण्याची पावती) देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल घ्या. त्यावर अनेकदा कर लावलेला नसतो, म्हणून सॉफ्टवेअर ते करमुक्त धरून मोकळं होतं. प्रत्यक्षात भाडं आपण भरत असलो तर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने, ५ टक्के कर आपल्याला भरावा लागतो, तोही रोख; जमा क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्यासाठी वापरता येत नाही. याउलट हॉटेलातल्या जेवणाच्या बिलावर कर ठळक छापलेला असतो, आणि कारखान्याला त्याचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही. तिसरी गोष्ट मोटरची. जुनी मोटर रिवाइंड केली तर तो दुरुस्तीचा खर्च. नव्या मशीनसाठी मोटर घेतली तर ती मशीनच्या किमतीत जाते. बिलावर नुसतं ‘मोटर’ लिहिलेलं असू शकतं. अशा वेळी शॉपफ्लोअरवर जाऊन सुपरवायझरला विचारा, ‘दादा, ही मोटर कुठे बसली?’ ज्याने कारखान्यातलं लेथ मशीन कधी जवळून पाहिलेलं नाही, त्याने तिथला हिशेब तपासू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता टूबीची जुळवणी. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-टूबी येतं, म्हणजे विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, आणि १ जानेवारी २०२२ पासून त्यात दिसेल तेवढंच क्रेडिट घेता येतं. आपल्या खरेदीशी ते ताडून पाहायला पूर्वी रात्री जागायला लागायचं. आता सॉफ्टवेअर चहा होईपर्यंत करून देतं. जुळलेल्या ओळींकडे फार पाहू नका. न जुळलेल्या ओळी म्हणजे तुमचं काम. कधी पार्टीने ११ तारखेपर्यंत विक्रीचं विवरणपत्र भरलेलं नसतं. कधी आपल्याकडे ‘४१’ आणि त्यांच्याकडे ‘२५-२६/०४१’ असं असतं, बिल एकच. कधी त्यांनी ते भलत्याच्याच नंबरवर टाकलेलं असतं. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा आणि मग फोन करा. फोनवर आवाज चढवायचा नाही, बिल नंबर आणि रक्कम आधी सांगायची, दुरुस्ती कधी दिसेल ते विचारून तारीख टिपून ठेवायची. २० तारखेला थ्रीबी (कर भरायचं महिन्याचं विवरणपत्र) भरायचं असतं, त्याच्या आत जेवढं सुटेल तेवढं सोडवा. या फोनवर कारखान्याचे खेळते पैसे अवलंबून असतात, आणि पलीकडचा माणूस तुमच्या शब्दाला मान देतो की नाही हे वर्षानुवर्षांच्या वागण्यातून ठरतं.

चॅटबॉटला कराचा दर विचारत असाल तर जपून. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालावरून गेले; सिमेंट २८ वरून १८ वर आलं. जुन्या माहितीवर शिकलेला बॉट जुना दर ठामपणे सांगू शकतो. त्याच्याकडून पत्राचा मसुदा घ्या, एक्सेलचा फॉर्म्युला घ्या, किचकट नोटीस सोप्या भाषेत समजून घ्या. दर आणि कलम मात्र अधिसूचनेत पाहा, नाहीतर सी.ए.ना विचारा. आणि पगारपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, कुणाचा पॅन हे फुकटच्या बॉटमध्ये कधीही टाकू नका. ती माहिती तुमची नाही, कामगारांची आणि मालकांची आहे.

शेवटी, मालकाला वेळेत सांगायला शिका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसला तर १५. मुदत उलटून मार्चअखेर बाकी राहिली, तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरला जात नाही. थकबाकीची यादी सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये देतं. त्यातले कोण या नियमात बसतात, कुणाकडून उद्यमचा (लघुउद्योग नोंदणीचा) दाखला मागवायचा, कुणाला आधी पैसे द्यायचे, हे फेब्रुवारीतच कागदावर मांडून मालकांसमोर ठेवा. सोबत वर्षभरात तुम्ही पकडलेल्या चुका आणि वाचवलेलं क्रेडिट महिनावार लिहिलेली यादीही न्या. पगारवाढीचं बोलणं त्याच बैठकीत काढा.